देणाऱ्याच्या खात्यावर जमा

आलापल्लीच्या आमच्या शाखेत परकीय चलनाची चौकशी म्हणजे सागाच्या झाडाला आंबे लागण्याइतकी दुर्मिळ गोष्ट. इथे लोक येतात ते पेन्शन, पीककर्ज आणि फार तर पंख्याच्या वाऱ्यासाठी. त्यामुळे एक निवृत्त गुरुजी काउंटरला टेकून म्हणाले, "भाऊ, पोरगा इटलीले नेतो म्हणते. तिकडं कसं वागा लागते, सांगा बरं," तेव्हा माझ्या हातातला शिक्का हवेतच राहिला.

माझी स्वतःची मजल सिरोंचाचा पूल ओलांडून तेलंगणापर्यंत. पण बी.कॉम. झालेला माणूस अज्ञान सहसा कबूल करत नाही. मी ऐटीत सांगितलं, "कॉफी उभ्यानं प्या, टेबलाशी बसलात की तीच कॉफी महाग. दुधाची कॉफी सकाळीच. जेवणानंतर मागितलीत तर श्रीखंडावर शेव मागितल्यासारखे लोक बघतील. चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकून जा. आणि लहान गावांत दुकानं दुपारी बंद असतात."

"म्हणजे तुमच्या लंच टाइमसारखंच," गुरुजी म्हणाले. मी घाईनं इतिहासात शिरलो.

खरं तर इटलीशी माझं जुनं वैर आहे. 'बँक' हा शब्दच मुळात तिकडचा. बाजारात सराफ ज्या बाकावर बसत, तो 'बांको'. सराफ बुडाला की त्याचा बाक मोडत, असं सांगतात. त्यावरून दिवाळ्याला शब्द आला 'बांकारोत्ता', मोडका बाक. (आमच्या शाखेतला गिऱ्हाइकांचा बाक तीन वर्षं मोडलेला आहे. शाखा ठणठणीत आहे.) एमिलिया भागातली एक बँक तर चीजच्या चाकाएवढ्या वड्या तारण ठेवून कर्ज देते. आमच्याकडे उद्या कोणी मोहफुलांचं पोतं घेऊन आला, तर मॅनेजर रजेवर जातील.

पण खरा गुन्हेगार म्हणजे लुका पाचोली. हा फ्रान्सिस्कन साधू, गणिताचा पंडित, लिओनार्दो दा विंचीचा स्नेही. व्हेनिसचे व्यापारी ज्या दुहेरी नोंदीनं हिशेब ठेवत, ती पद्धत यानं १४९४ साली आपल्या ग्रंथात छापली आणि कॉमर्सच्या पोरांच्या पिढ्यान्‌पिढ्या कामाला लावल्या. आधी कच्ची वही, मग रोजकीर्द, मग खतावणी! माझा ताळेबंद परीक्षेत कधी जुळला नाही. तरी याच साधूनं वहीच्या आरंभी देवाचं नाव लिहायला सांगितलंय, हे वाचलं आणि माझा राग निम्मा झाला. आमचे आजोबा लक्ष्मीपूजनाला वहीवर 'श्री' काढायचे.

हा पाचोली टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या सान्सेपोल्क्रोचा. गावाचं नाव नकाशात शोधता शोधता बोट त्याच खोऱ्यात खाली सरकलं आणि थांबलं. १० जुलै १९४४ रोजी या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढत होते. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, बावीस वर्षांचा जवान. तुकडीतले बाकी सारे पडले किंवा जायबंदी झाले. ते एकटे मशीनगनवर धावून गेले, बॉम्ब टाकून ती बंद पाडली. टॉमीगनमधल्या गोळ्या संपल्या, भरायला वेळ नव्हता, तेव्हा तिचाच सोटा करून उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचं थडगं नाही; नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. २०२३ साली याच खोऱ्यातल्या मोन्तोने गावानं त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं वचन त्यासाठी निवडलं.

"सूर्य एकच खरा," गुरुजी म्हणाले, "पण मे महिन्यात त्याचा जास्त हिस्सा आलापल्लीलेच येते." मग जरा थांबून म्हणाले, "त्या गावाचं नाव लिहून द्या भाऊ."

मी डिपॉझिट स्लिपच्या पाठीवर 'मोन्तोने' असं लिहून दिलं. हिशेबाचा पहिला नियम मला इतक्या वर्षांत पाठ झालाय: घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. आपण इटलीकडून बँक घेतली, वही घेतली, आता कॉफीही घेतो. घाडग्यांनी काय दिलं, त्याची नोंद त्या गावानं केली. आपल्या वहीत ती कुठल्या पानावर आहे, हे मला कोणी विचारू नये.

गुरुजींनी चिठ्ठी नीट घडी करून पासबुकात ठेवली.