रिकॅल्सिट्रंट

इंग्रजी विशेषण. हुकूम, शिस्त किंवा समजावणी न जुमानणारा, हेकट, अडेलतट्टू. क्वचित नाम म्हणूनही योजतात.

मूळ लॅटिन क्रियापद 'रेकॅल्सिट्रारे', म्हणजे मागच्या मागे लाथ झाडणे. त्यातला 'कॅल्क्स' म्हणजे टाच. टाचेच्या हाडाचे 'कॅल्केनियस' हे नावही त्याच कुळातले. रोमन कवी होरेसने आपल्या व्यंगकाव्यात हे क्रियापद खुद्द सम्राट ऑगस्टसला लावले आहे: थोपटताना हात चुकला की लाथ झाडणारा. तिथे लाथ सत्ताधीशाची आहे. फ्रेंचच्या वाटेने एकोणिसाव्या शतकात शब्द इंग्रजीत रुळला तोवर बाजू पालटली होती. आता लाथ हाताखालच्याची असते आणि तक्रार वरच्याची.

'ऑब्स्टिनेट' माणूस एकटा बसूनही हट्टी असू शकतो. रिकॅल्सिट्रंट व्हायला मात्र समोर कुणीतरी हुकूम सोडणारा लागतो. म्हणूनच हा शब्द शाळा, लष्कर, सरकार यांच्या भाषेत जास्त आढळतो, आणि बरोबरीच्याला लावला तर तो झोंबतो. नोव्हेंबर १९९३ मध्ये सिएटलला भरलेल्या आशिया-प्रशांत देशांच्या शिखर बैठकीला मलेशियाचे पंतप्रधान महाथिर मोहमद गेले नाहीत. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान पॉल कीटिंग यांनी त्यांना रिकॅल्सिट्रंट म्हटले. मलेशियाने व्यापारसंबंध आखडते घेण्याचा इशारा दिला, आणि अखेर कीटिंग यांना खेद व्यक्त करावा लागला.

कायदा: अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात, सबळ कारण नसताना साक्ष देण्याचे नाकारणारा तो रिकॅल्सिट्रंट साक्षीदार. त्याला जास्तीत जास्त १८ महिने अटकेत ठेवता येते. आपल्याकडचा 'फितूर' साक्षीदार वेगळा. तो बोलतो, पण उलटे बोलतो.

बीजशास्त्र: शब्दाचा सर्वांत नेमका वापर इथे आहे. ई. एच. रॉबर्ट्स यांनी १९७३ मध्ये बियांचे दोन गट केले. भात, ज्वारी, हरभरा यांचे बी कडकडीत वाळवून थंडीत ठेवले की वर्षानुवर्षे टिकते. हे 'ऑर्थोडॉक्स', म्हणजे शिस्तीतले. दुसऱ्या गटाचे बी वाळवले की मरते, तेच रिकॅल्सिट्रंट. आंबा, फणस, रतांबा, जांभूळ, नारळ, रबर, कोको ही त्यातली ठळक नावे. हे बी झाडावरून पडते तेव्हाच ओलसर असते आणि आत जगण्याचा व्यवहार चालू असतो. त्याला विश्रांती ठाऊक नाही. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच जातींना शीतगृहातली थंडीही सोसत नाही. पुढे १९९० मध्ये कॉफीसाठी मधला तिसरा गट मानला गेला. कडुनिंब कोणत्या गटात घालावा, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

नाव अर्थातच कोठारवाल्याच्या बाजूने पडले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर फळ गळावे आणि बी लगेच रुजावे, हा या झाडांचा सरळ हिशेब. त्यात हट्ट कसला? कोकणातले रोपवाटिकावाले तो हिशेब पाळतात. आंब्याच्या मोसमात रायवळ कोयी गोळा करून त्या ताज्या असतानाच पेरतात. कोंब वर येतो, पाने अजून तांबूस-कोवळी आणि खाली कोय चिकटलेली असते, तेवढ्यात त्यावर हापूसची काडी बांधतात. यालाच कोयकलम म्हणतात. वर्षभर कोयींचा साठा करून सवडीने पेरणे या धंद्यात शक्यच नाही.

बीजपेढ्यांची अडचण याहून मोठी. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ मध्ये उघडलेल्या जागतिक कोठारात उणे १८ अंश सेल्सिअस तापमान राखतात. तिथे ही बियाणी ठेवता येत नाहीत. अशा जाती जिवंत झाडांच्या संग्रहात राखाव्या लागतात, किंवा बियांतला गर्भाक्ष काढून द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवावा लागतो. दुसरी पद्धत खर्चिक असून प्रत्येक जातीला वेगळी बसवावी लागते.

तत्त्वज्ञान: अमेरिकी तत्त्वज्ञ क्वाइन यांच्या १९५१ च्या निबंधात, मानलेल्या सिद्धांतांशी न जुळणारा तो रिकॅल्सिट्रंट अनुभव.

वैद्यक: उपचारांना दाद न देणारे चामखीळ इत्यादी.

मराठी पर्याय: माणसाबद्दल 'अडेलतट्टू' जवळचा, तट्टू दोन्हीकडे असल्यामुळे, फरक इतकाच की मराठी तट्टू अडते, लॅटिन जनावर लाथ मारते. बियांबाबत मात्र 'हट्टी' किंवा 'दुराग्रही' असे भाषांतर टाळावे. 'वाळवण न सोसणारे बी' म्हटल्याने शेतकऱ्याला काय करायचे नाही ते थेट कळते.