भायखळा ते कोपरखैरणे: न्यूरोलॉजीच्या शिक्षणाची वाट

मेंदू, मज्जारज्जू, नसा आणि स्नायू यांच्या विकारांच्या शास्त्राला मराठीत मज्जाविकारशास्त्र, चेताविकारशास्त्र अशी नावे सुचवली गेली. वॉर्डात आणि ओपीडीत मात्र न्यूरोलॉजी हाच शब्द रुळला. या शास्त्राचे शिक्षण मुंबई परिसरात दोन मार्गांनी होत आले आहे. एक मार्ग लांबचा आहे: एमबीबीएस, मग एमडी आणि त्यापुढे तीन वर्षांची डीएम ही पदवी. दुसरा जवळचा आहे: एका दिवसाची कार्यशाळा, आठवड्याचा वर्ग, काही महिन्यांची फेलोशिप. पहिल्या मार्गाने तज्ज्ञ तयार होतो. दुसऱ्या मार्गाने हे ज्ञान फॅमिली डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, परिचारिका आणि विद्यार्थी यांच्यापर्यंत पोहोचते. कोपरखैरण्यासारख्या वस्तीत रुग्ण पहिल्यांदा याच लोकांच्या दारात येतो, म्हणून इथे दुसऱ्या मार्गाचे मोल अधिक आहे.

या शिक्षणाची सुरुवात भायखळ्याला झाली. 1845 मध्ये तिथे ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले आणि शेजारचे जे. जे. रुग्णालय त्याची शिकण्याची जागा ठरले. 1858 मध्ये हेन्री व्हॅनडाइक कार्टर हा तरुण इंग्रज डॉक्टर मुंबईत आला आणि या कॉलेजात शरीररचना शिकवू लागला. त्याच वर्षी लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथातली चित्रे त्याच्या हातची होती. मुंबईत त्याने कुष्ठरोगाचा अभ्यास हाती घेतला आणि या रोगात नसा कशा जाडावतात याचे वर्णन केले. त्या काळी न्यूरोलॉजी नावाचा विभाग इथे नव्हता, तरी नसेवर बोट ठेवून रोग ओळखण्याची शिकवण या शहरात तेव्हापासूनची आहे. आजही महाराष्ट्रात परीक्षार्थीला कोपराच्या आतल्या बाजूची अल्नर नस चाचपून दाखवावी लागते. ते विसरणाऱ्याला परीक्षक सहजी सोडत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण बधिर हात घेऊन आलेल्या माणसाचे निदान कित्येकदा त्या एका स्पर्शात होते.

युरोपात याच काळात या शास्त्राला घर मिळाले. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये 1860 च्या सुमारास पक्षाघात आणि अपस्माराच्या रुग्णांसाठी स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या मज्जाविकारतज्ज्ञांसाठी 1882 मध्ये मज्जाविकारांचे अध्यासन निर्माण झाले. शार्को मंगळवारी रुग्णाला श्रोत्यांसमोर आणून तपासत आणि तपासता तपासताच शिकवत. गुडघ्यावर हातोडी मारून उडणारी प्रतिक्षिप्त क्रिया 1875 मध्ये अर्ब आणि वेस्टफाल यांनी नोंदवली, तर तळपायाला ओरखडा काढल्यावर अंगठा वर जातो ही खूण 1896 मध्ये बाबिन्स्की यांनी. हातोडी, ट्यूनिंग फोर्क, टाचणी, कापसाचा बोळा आणि डोळ्याचा पडदा पाहण्याचे ऑफ्थल्मोस्कोप ही हत्यारे तेव्हापासून आजपर्यंत फारशी बदललेली नाहीत.

मुंबईत हे शास्त्र स्वतंत्र विषय म्हणून उभे राहायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. सुरुवातीच्या मेंदूविकारतज्ज्ञांत मेनिनो डिसोझा यांचे नाव येते. 1951 मध्ये जेकब चंडी, बी. राममूर्ती, एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग या चौघांनी न्यूरोलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. न्यूरोलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन तिथे एकत्र बसू लागले आणि वार्षिक परिषद हे शिकण्याचे नवे ठिकाण झाले. परळला केईएम रुग्णालयात एडी भरुचा यांनी न्यूरोलॉजीचा पाया घातला. 1957 मध्ये नोशीर वाडिया लंडनहून परतले आणि जे. जे. मध्ये त्यांनी न्यूरोलॉजीचा विभाग उभा केला. या पिढीचे बहुतेक शिक्षण क्वीन स्क्वेअरच्या वळणाचे होते. रुग्णाची हकिकत पूर्ण ऐकायची, दोष कुठे आहे ते आधी ठरवायचे आणि तो कशामुळे झाला हा प्रश्न त्यानंतरच विचारायचा, हा त्या शिस्तीचा गाभा. सीटी स्कॅन नव्हता. पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन लंडनमध्ये निघाला तोच मुळी 1971 मध्ये. त्यामुळे ‘दोष कुठे’ याचे उत्तर हातोडी आणि टाचणीनेच काढावे लागे आणि राउंडवर ते सर्वांसमोर सिद्ध करावे लागे.

पद्धत लंडनची असली तरी रोग इथले होते आणि या शिक्षणाचा सर्वांत समृद्ध भाग तोच आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकात ज्याला एखादे पान मिळे, तो क्षयाचा मेंदूज्वर मुंबईच्या वॉर्डात रोजचा होता. बालरोगतज्ज्ञ पी. एम. उदाणी आणि मेंदूच्या विकृतिशास्त्राचे अभ्यासक दाराब दस्तूर यांनी क्षयामुळे मुलांच्या मेंदूत होणाऱ्या बदलांचे बारकाईने वर्णन केले. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांचा सांधा जन्मतः सैल असल्यास मज्जारज्जू कसा दबतो, हे वाडियांनी 1960 च्या दशकात मांडले. 1971 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ कुटुंबांची हकिकत प्रसिद्ध केली. या कुटुंबांतल्या रुग्णांचा तोल जाई आणि डोळ्यांची हालचाल विलक्षण मंद होई. तपासणाऱ्याने दोन बोटे धरून रुग्णाला एकीकडून दुसरीकडे पाहायला सांगितले नसते, तर हा वेगळा रोग निसटला असता. पुढे त्याचे जनुक सापडले आणि तो एससीए-2 या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच 1971 सालच्या डोळे येण्याच्या साथीनंतर काही रुग्णांचे पाय लुळे पडले. साथ एन्टेरोव्हायरस 70 ची होती आणि डोळ्यांच्या साथीचा मज्जारज्जूशी असलेला हा संबंध मुंबईच्या डॉक्टरांनी जगापुढे ठेवला.

पुण्यात आर. एस. वाडिया आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये कीटकनाशकाच्या विषबाधेतल्या लकव्याचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले. पहिला प्रकार विष पोटात गेल्यावर लगेच दिसणारा, दुसरा प्रकार रुग्ण सावरला असे वाटत असताना उशिरा येणारा. शेतकरी रुग्णाला लवकर घरी पाठवू नये, हा धडा महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या रुग्णालयांना यातून मिळाला. परदेशी पुस्तकात तो नव्हता.

पदवीचा मार्ग मात्र अरुंदच राहिला. डीएमच्या जागा मोजक्या, त्याही मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत. फिट, अर्धांगवायू, डोकेदुखी आणि मुंग्या घेऊन येणारे रुग्ण मात्र गावोगाव, गल्लोगल्ली. ही दरी भरण्यासाठी छोटे अभ्यासक्रम आले. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया 1944 पासून काम करत होती. तिने 1969 मध्ये वैद्यकशास्त्राचे स्वतःचे पाठ्यपुस्तक काढले आणि भारतीय विद्यार्थ्याला भारतीय रोगांचे पुस्तक मिळाले. केईएमच्या स्टाफ सोसायटीने 1955 मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ सुरू केले होते. पोलिओच्या साथीनंतर 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला केईएममध्येच फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि लुळ्या अवयवाला पुन्हा चालते करणारा वर्ग डॉक्टरांच्या बरोबरीने शिकू लागला. नंतरच्या काळात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलने नोंदणीच्या दर पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी 30 क्रेडिट गुणांची अट घातली. सीएमई, म्हणजे निरंतर वैद्यकीय शिक्षण, हा शब्द दवाखान्यातल्या कॅलेंडरवर तेव्हापासून कायमचा आला. या अटीने सभागृहे भरली. सगळी सभागृहे शिकवत होती असे म्हणता येणार नाही. दिवसभर स्लाइड पाहून संध्याकाळी प्रमाणपत्र नेणारा डॉक्टर दुसऱ्या दिवशी हातोडी हातात घेतोच असे नाही.

खाडीपलीकडे कोपरखैरण्यात या साऱ्याचा संबंध उशिरा आला. कोपर आणि खैरणे ही ठाणे खाडीकाठची आगरी-कोळी वस्तीची गावे. 1970 मध्ये नवे शहर वसवणारी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली, 1973 मध्ये वाशीचा पूल वाहता झाला आणि नवी मुंबई आकार घेऊ लागली. 1980 आणि 1990 च्या दशकांत मुंबईचे घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलले. त्यांत भायखळ्याचा भाजीबाजारही होता. त्यांच्यामागे माथाडी कामगार आले आणि सिडकोने बांधलेल्या लहान घरांतून कोपरखैरण्याची मोठी वस्ती झाली. यांतले बरेच जण सातारा-सांगलीकडचे. माथाडी हा शब्दच माथ्यावरून आला आहे. जड गोणी डोक्यावर-पाठीवर वाहणाऱ्या माणसाच्या मानेचे मणके लवकर झिजतात आणि नस किंवा मज्जारज्जू दबला की हातांतली पकड जाते, चाल अडखळते. ‘मान दुखते’ म्हणणाऱ्या अशा कामगाराला मलम देऊन परत पाठवायचे की त्याच्या पायांच्या प्रतिक्षिप्त क्रिया तपासायच्या, हा निर्णय सेक्टरमधल्या रो-हाउसच्या तळमजल्यावरचा डॉक्टर घेतो. तो न्यूरोलॉजिस्ट नसतो.

1992 मध्ये रेल्वे वाशीपर्यंत आली आणि 2004 मध्ये ठाणे-तुर्भे मार्गावर कोपरखैरणे स्थानक सुरू झाले. सुरुवातीला इथल्या डॉक्टरला शिकायचे तर परळ, भायखळा किंवा शीव गाठावे लागे. दरम्यान 1989 मध्ये नेरूळला डी. वाय. पाटील आणि कामोठ्याला एमजीएम ही वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली होती. त्यामुळे खाडीच्या अलीकडेच विद्यार्थी, वॉर्ड आणि शिक्षक आले. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कोपरखैरण्यातच रिलायन्स समूहाचे मोठे रुग्णालय उभे राहिले. 2020 च्या टाळेबंदीनंतर वर्ग पडद्यावरही भरू लागले.

या वर्गांना खरी निकड आणली ती अर्धांगवायूच्या उपचाराने. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध परिणामकारक ठरते, हे 1995 मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने दाखवले. आज त्याची मुदत साडेचार तासांची मानली जाते. रक्तपुरवठा तुटल्यावर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा 2006 मधला अंदाज आहे. म्हणजे निदानाची पहिली पायरी आता तज्ज्ञाच्या दारात असून चालत नाही. ती घरात आणि कोपऱ्यावरच्या दवाखान्यात हवी. छोट्या अभ्यासक्रमात म्हणूनच अकरा मुद्द्यांची एनआयएच स्ट्रोक मोजपट्टी शिकवतात: शुद्ध, नजर, चेहरा, हात, पाय, बोलणे अशा क्रमाने गुण देत जायचे. ही मोजपट्टी काही तासांत शिकता येते. ईईजी, म्हणजे मेंदूचा विद्युत आलेख, वाचणे किंवा नसांची विद्युत तपासणी करणे तसे नाही. त्याला महिनोन्‌महिने कुणाच्या तरी शेजारी बसावे लागते आणि दोन दिवसांच्या कार्यशाळेतून फक्त त्याची ओळख होते. दोन्हींना एकाच तऱ्हेचे प्रमाणपत्र देणे ही या अभ्यासक्रमांची मोठी उणीव आहे.

दुसरी उणीव भाषेची आहे. वर्ग इंग्रजीत चालतात आणि रुग्ण मराठीत बोलतो. ‘झटका आला’ म्हणजे फिट, अर्धांगवायू की हृदयविकार? ‘चक्कर’ म्हणजे खोली गरगरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे की तोल जाणे? ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे एक बाजू लुळी पडली, हे शहरात वाढलेल्या विद्यार्थ्याला ठाऊक नसते. ‘शीर’ या एका शब्दात रुग्णाच्या दृष्टीने रक्तवाहिनीही येते आणि नसही. न्यूरोलॉजीचे निम्म्याहून अधिक निदान हकिकतीत असते, हे जुने शिक्षक सांगत आले. ती हकिकत रुग्णाच्या शब्दांत घ्यायला शिकवणारा तास मात्र फार थोड्या अभ्यासक्रमांत असतो. कोपरखैरण्यात किंवा महाराष्ट्रात कुठेही असा वर्ग भरवणाऱ्यांनी पहिला तास त्यासाठी राखून ठेवावा. ‘झटका म्हणजे नेमके काय झाले’ आणि ‘हा माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला होता’ हे दोन प्रश्न मराठीत विचारायला त्या तासात शिकवावेत, आणि त्या तासाला डॉक्टरांबरोबर परिचारिका, औषध दुकानदार आणि रुग्णवाहिकेचा चालक यांनाही बसवावे.