एक तारीख, दोन दिवस

आमच्या चांदवडला दोन नावं एकत्र बाळगायची जुनी सवय आहे. होळकरांच्या काळात इथल्या टांकसाळीत रुपये पाडले जात. त्यांवर फारसी अक्षरांत बादशहा शाह आलमचं नाव असे आणि गावाचं नाव ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ असं. राज्य मराठ्यांचं, लिपी फारसी. पण रुपया बाजारात चाले.

३१ मे ही तारीखही अशीच दुहेरी आहे. १७२५ साली याच दिवशी चौंडीला अहिल्यादेवींचा जन्म झाला. चांदवडचा रंगमहाल होळकरांचा, रेणुकामातेच्या मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्यादेवींनी केलेला. त्यामुळे त्यांची जयंती आम्हाला घरची वाटते. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटनेनं १९८९ पासून हीच तारीख जागतिक तंबाखूविरोधी दिनासाठी ठरवली. आधी, १९८८ मध्ये, हा प्रयोग ७ एप्रिलला झाला होता. तारखांचा हा निव्वळ योगायोग. मग होतं असं, की सकाळी प्रतिमेला हार, दुपारी कचेरीत किंवा दवाखान्यात तंबाखूमुक्तीची शपथ. शाळांना तर सुट्टीच. दोन्ही कार्यक्रमांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

ती पडायला हवी, असं मला वाटतं. तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. असद बेगनं ती विजापूरहून अकबराच्या दरबारात नेली. जहांगीरनं १६१७ मध्ये बंदीचं फर्मान काढलं, तरी हुक्के विझले नाहीत. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. पुड्या तरीही सापडतातच. नुसत्या हुकमानं व्यसन सुटत नाही, कारण त्या पानामागे कुणाची तरी चूल असते. आपल्या जिल्ह्यातलं सिन्नर घ्या किंवा सोलापूर घ्या. टेंभुर्णीच्या पानात तंबाखू भरून विड्या वळणारे हात बहुतेक बायकांचे. दिवसभर तंबाखूची धूळ छातीत जाते आणि मजुरी मिळते ती वळलेल्या विड्यांच्या हिशेबानं. या बाईला ‘तंबाखू सोडा’ एवढंच सांगून कसं भागेल?

इथं मला अहिल्यादेवी आठवतात. त्यांनी मंदिरं, घाट, विहिरी बांधल्या, हे आपण भाषणांतून ऐकतो. पण महेश्वरला त्यांनी विणकर आणून वसवले, त्यांच्या मागांना आश्रय दिला, हे कमी सांगितलं जातं. महेश्वरी लुगडं आजही त्या गावाला पोसतं. माणसाच्या हाताला काम देणं हा त्यांच्या राज्यकारभाराचा भाग होता.

म्हणून ३१ मे रोजी एकाच मंडपात दोन्ही दिवस साजरे व्हावेत. तंबाखूचे तोटे डॉक्टरांनी सांगावेत. मग एखाद्या विडी कामगार भगिनीला बोलू द्यावं आणि तिला दुसरं कोणतं काम देता येईल, याचा विचार तिच्यासमोरच व्हावा. अहिल्यादेवींच्या प्रतिमेसमोर ही चर्चा शोभून दिसेल.