गोचीड चावल्यानंतरचा ताप: लाइम आजार आणि आपल्या कोकणातले धोके

काजूच्या हंगामात अंगाला चिकटलेली गोचीड किंवा तिच्या चाव्याचा डाग दाखवायला बरेच जण दवाखान्यात येतात. त्यांतले काही जण मोबाइलवर वाचून विचारतात, "डॉक्टर, मला लाइम डिसीज तर होणार नाही ना?" थोडक्यात उत्तर असे: तुम्ही रत्नागिरी परिसरातच राहत असाल आणि परदेशात गेला नसाल, तर लाइमची शक्यता फारच कमी आहे. पण चाव्यानंतर आलेला ताप अंगावर काढू नका. त्याची कारणे वेगळी असू शकतात आणि त्यांतली काही गंभीर आहेत.

लाइम आजार कशामुळे होतो?

लाइम हा जिवाणूंमुळे होणारा आजार आहे. या जिवाणूचे नाव बोरेलिया बर्गडॉर्फेराय. तो स्प्रिंगसारखा पिळदार असतो. आपल्याकडे पावसाळ्यात होणाऱ्या लेप्टोचा जिवाणूही याच पिळदार गटातला आहे. मात्र लेप्टो उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होतो, तर लाइम गोचिडीच्या चाव्यातून.

अमेरिकेतील कनेटिकट राज्यातल्या लाइम गावाच्या परिसरात 1975 च्या सुमारास अनेक मुलांचे सांधे सुजू लागले. त्यावरून आजाराला हे नाव मिळाले. पुढे 1981 मध्ये विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना गोचिडीच्या आतड्यात हा जिवाणू सापडला.

गोचीड जिवाणू कसा पसरवते?

लाइम सगळ्या गोचिडींमुळे होत नाही. त्यासाठी इक्सोडिस गटातली गोचीड लागते. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लात सहसा हा जिवाणू नसतो. ते एखाद्या संसर्ग झालेल्या रानउंदराचे रक्त पिते, तेव्हा जिवाणू त्याच्या पोटात जातो. पुढच्या अवस्थेत तीच गोचीड माणसाला चावली, तर तो माणसाच्या शरीरात येतो. या मधल्या अवस्थेतली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते, त्यामुळे ती लक्षातच येत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. हा जिवाणू गोचिडीच्या आतड्यातून लाळेत यायला वेळ लागतो. साधारणपणे गोचीड 24 तासांहून जास्त काळ चिकटून राहिली, तरच लाइमचा संसर्ग होतो. म्हणून ती लवकर काढणे हाच पहिला उपाय आहे.

लाइमची लक्षणे आणि उपचार

• चाव्यानंतर 3 ते 30 दिवसांत त्या जागी लाल चट्टा येतो आणि हळूहळू पसरत जातो. तो बहुधा 5 सेंटिमीटरपेक्षा मोठा होतो आणि फारसा दुखत वा खाजत नाही.
• सोबत ताप, थकवा, डोकेदुखी, अंगदुखी असू शकते.
• उपचार न झाल्यास पुढे चेहऱ्याचा लकवा, हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता किंवा गुडघ्याला सूज येऊ शकते.

चावल्या जागी पहिल्या एक-दोन दिवसांत येणारी छोटी लाल गांधी ही बहुतेक वेळा चाव्याची साधी प्रतिक्रिया असते. पहिल्या काही आठवड्यांत रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून चट्टा पाहूनच निदान करावे लागते. डॉक्सिसायक्लिनसारख्या अँटिबायोटिकने बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

भारतात लाइमच्या नोंदी तुरळक आहेत. पण तुमची मुले, नातवंडे न्यू जर्सी, कनेटिकट किंवा युरोपात असतील आणि तुम्ही तिथून परतल्यावर असा चट्टा किंवा ताप आला, तर प्रवासाची माहिती डॉक्टरांना जरूर द्या.

मग आपल्याकडे कशाची काळजी घ्यायची?

माकडताप: हा विषाणूमुळे होतो. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात 2016 मध्ये त्याची साथ आली. चाव्यानंतर साधारण 3 ते 8 दिवसांत अचानक थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी व अंगदुखी सुरू होते. काहींना रक्तस्राव होतो. काहींचा ताप उतरून पुन्हा येतो आणि तेव्हा मेंदूवर परिणाम दिसू शकतो. 100 रुग्णांत 3 ते 5 जण दगावतात. यावर खास औषध नाही. वेळेवर दाखल होऊन घेतलेली देखरेख आणि सलाइनसारखे आधार देणारे उपचारच जीव वाचवतात.

गोचीडताप: हा रिकेट्सिया जिवाणूंमुळे होतो. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण आढळले आहेत. तापासोबत अंगावर पुरळ येते आणि ते तळहात-तळपायांवरही दिसते.

स्क्रब टायफस: हा गोचिडीमुळे नाही, तर चिगर नावाच्या जेमतेम दिसणाऱ्या किड्यामुळे होतो. 2018 मध्ये विदर्भात त्याचा मोठा उद्रेक झाला होता. काख, जांघ, कंबर अशा झाकलेल्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते.

शेवटच्या दोन्ही आजारांत डॉक्सिसायक्लिन लवकर सुरू झाले तर फार उपयोग होतो. माकडतापात मात्र ते काहीच करत नाही. म्हणूनच मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घरी थांबणे धोक्याचे आहे. अशा तापात अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनही स्वतःहून घेऊ नका. त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो.

चिकटलेली गोचीड कशी काढावी?

1. बारीक टोकाच्या चिमट्याने ती त्वचेला अगदी लागून पकडा.
2. न पिळता, एकसारख्या जोराने सरळ वर ओढा.
3. जागा साबण-पाण्याने धुवा. गोचीड बोटांनी चिरडू नका.
4. रॉकेल, चुना, तंबाखू लावणे किंवा काडीने चटका देणे टाळा. त्याने वेळ जातो आणि गोचिडीच्या तोंडातला स्राव जखमेत जाऊ शकतो.
5. चाव्याची तारीख लिहून ठेवा.

बागेत, रानात जाताना

काजू बिया वेचताना, पातेरा गोळा करताना किंवा गुरे चारताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला आणि पँटचे टोक मोज्यात खोचा. उघड्या त्वचेवर डीट असलेले मलम लावा. पातेऱ्यावर थेट बसू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, आंघोळ करा आणि कानामागे, काखेत, जांघेत, गुडघ्यामागे नीट पाहा. मेलेले माकड दिसले तर त्याला हात न लावता वनविभागाला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

चाव्यानंतर महिन्याभरात ताप, पुरळ, पसरणारा चट्टा किंवा काळी खपली दिसली तर त्याच दिवशी दाखवा. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, बडबड, ग्लानी, धाप यांपैकी काहीही असेल तर थेट मोठ्या रुग्णालयात जा. आणि न विचारताही सांगा: "मी रानात गेलो होतो, मला गोचीड चावली होती." या एका वाक्यामुळे डॉक्टर योग्य तपासणी लवकर मागवू शकतात.