मोड, भंगार आणि ई-कचरा : पळसदेवच्या काठावरून एक शब्देतिहास

पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण मागे पडले की डाव्या हातास उजनी जलाशयाचे पाणी दिसू लागते. इंदापूर तालुक्यातील पळसदेव हे गाव या पाण्याच्या काठी वसलेले आहे. जुने पळसदेव मात्र १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पोटात गेले. भाषेच्या अभ्यासकांस हे नाव प्राचीन मराठी शिलालेखांच्या संदर्भात परिचित असते, आणि त्याच निमित्ताने प्रस्तुत लेखकाचे तेथे जाणे झाले. ज्या वर्षी जलाशय तळास जातो त्या वर्षी पळसनाथाचे जुने मंदिर पाण्याबाहेर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा संपून मृत साठाही निम्म्याच्या आसपास खाली उतरला होता, तेव्हा चिखल वाळलेल्या वाटेने लोक मंदिरापर्यंत चालत गेले.

पाणी ओसरल्यावर दृष्टीस पडते ते केवळ मंदिर नव्हे. वरून वाहत आलेला गाळही दिसतो, आणि हा गाळ कोठून येतो हे सांगण्यास भूगोलाची फार जाण लागत नाही. पवना दापोडीपाशी मुळेस मिळते, मुळा-मुठेचा संगम पुण्यात होतो, मुळा-मुठा रांजणगाव सांडस येथे भीमेस मिळते, इंद्रायणी त्याआधीच तुळापुरास भीमेत आलेली असते; आणि ही सारी भीमा दौंडवरून उजनीत येऊन थांबते. पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन महानगरांच्या गटारात जे ओतले जाईल त्यास शेवटी जाण्यास दुसरी जागा नाही. नदी वाहती असते तोवर घाण पुढे जाते. धरणात पाणी उभे राहते, जड द्रव्ये गाळात बसतात. याच पाण्यावर पळसदेव, कुंभारगाव, भिगवण या भागातील मासेमारी चालते, याच पाण्यावर ऊस उभा राहतो.

या भूगोलाचा कार्यालयांतील जुन्या संगणकांशी काय संबंध, असा प्रश्न वाचक विचारील. तो संबंध दाखविण्यासाठी प्रथम एका शब्दाकडे वळणे सोयीचे होईल. तो शब्द म्हणजे 'मोड'.

आजच्या पिढीस 'मोड' म्हटले की मटकीस आलेले मोड आठवतात. परंतु स्त्रीलिंगी 'मोड', म्हणजे तुटक्याफुटक्या धातूच्या वस्तू, हा शब्द दोन पिढ्यांपूर्वी प्रत्येक घरात वापरात होता. तांब्याचा हंडा फुटला, पितळेच्या पातेल्याचा तळ गेला, म्हणजे ते फेकीत नसत. मोडीत घालीत असत. कासार किंवा तांबट ती मोड तराजूत घाली, घट वजा करी, आणि नव्या भांड्याच्या किमतीतून तिचे मोल वळते करून वर घडणावळ घेई. पुण्यातील कसबा पेठेतल्या तांबट आळीत पुढे नव्याने ठोकल्या गेलेल्या भांड्यांत जुन्या मोडीचा अंश किती, हे कोणी विचारीत नसे. कारण तो असणारच हे गृहीत होते. सोनाराकडे सोन्याची मोड देण्याचा प्रघात तर आजही चालू आहे.

या व्यवहाराची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. वस्तू घडविणारा, विकणारा आणि परत घेणारा एकाच साखळीतले, पुष्कळदा एकाच आळीतले असत. घडविणाऱ्यास धातूचे गुणदोष ठाऊक असत, आणि परत आलेली वस्तू वितळविण्याची भट्टीही त्याच्याच पडवीत असे. मोड देणे ही व्यवहाराची शेवटची पायरी नसून पुढच्या व्यवहाराची पहिली पायरी होती.

'भंगार' या शब्दाची गोष्ट निराळी आहे. तो 'भंग' या शब्दाशी जोडला जातो, आणि त्यात मोडीतील परताव्याचा भाव नाही. जे भंगले ते गेले, एवढेच त्यात सांगितलेले आहे. योगायोग असा की जुन्या मराठीत 'भांगार' म्हणजे सोने. कोकणीत सोन्याला आजही 'भांगर' किंवा 'भांगार' म्हणतात, आणि कन्नडातील 'बंगार'ही तेच. या शब्दाचे मूळ संस्कृत 'भृङ्गार' या निराळ्या शब्दात शोधले जाते, तेव्हा दोहोंचा संबंध व्युत्पत्तीचा नाही. तरी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या बाबतीत हे ध्वनिसाम्य एखाद्या कोटीसारखे खरे ठरते. संगणकातील मंडल-पाट्यांवर (बाजारात त्यांस नुसते 'बोर्ड' म्हणतात) तांबे, चांदी, पॅलेडियम आणि सोने असते. खाणीतील एक टन खनिजातून सोने निघते ते बहुधा काही ग्रॅम. एक टन चांगल्या बोर्डांतून शंभर ग्रॅमहून अधिकही निघू शकते.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की हंड्यात तांबेच होते. बोर्डात सोन्याशेजारी विष आहे. डाखात कथील व शिसे, जुन्या काचनळीच्या पडद्यात किलोंच्या मापाने शिसे, काही विद्युत्घटांत कॅडमियम, जुन्या सपाट पडद्यांच्या दिव्यांत पारा, प्लास्टिकात आग लागू नये म्हणून मिसळलेली ब्रोमिनयुक्त रसायने. जोवर उपकरण अखंड आहे तोवर ही द्रव्ये स्वस्थ असतात. तारा जाळून तांबे काढले की धुरात डायॉक्सिन येते. बोर्ड आम्लात बुडवून सोने उतरविले की उरलेले आम्ल, शिसे व तांब्याचे अंश घेऊन, जवळच्या गटारात जाते. मोल भंगारवाल्याच्या हाती राहते आणि विष पाण्याबरोबर उताराकडे जाते. पुण्याचा उतार कोठे संपतो ते वर सांगितलेच आहे.

उत्तर प्रदेशातील मुरादाबादचे उदाहरण येथे फार बोलके आहे. हे पितळेच्या कारागिरीचे शहर. तेथील घराघरांत भट्टी आणि धातू ओळखणारी नजर पिढ्यान्‌पिढ्या होती. पितळेचा धंदा मंदावला तसे त्या कौशल्याकडे देशभरातील जुने बोर्ड वाहू लागले, आणि रामगंगेच्या काठी जाळलेल्या बोर्डांच्या काळ्या राखेचे ढीग साचले. मोड वितळविण्याची जुनी विद्या नव्या वस्तूवर जशीच्या तशी लावली गेली. वस्तू मात्र बदललेली होती. या कारागिरांस दोष देणे मला योग्य वाटत नाही. ज्या कंपन्यांनी व कार्यालयांनी आपले सामान वजनावर विकले त्यांनी ते कोणाकडे जाते हे विचारले नव्हते.

न विचारण्याची ही सवय आपल्याकडेही आहे, आणि ती मी जवळून पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेत जुन्या संगणकांचे निर्लेखन व्हावयाचे होते. जडसंग्रह नोंदवहीतील प्रत्येक नगास क्रमांक होता. समिती बसली, अहवाल झाला, निविदा मागविल्या, आणि सर्वांत अधिक दर देणाऱ्यास सारा ढीग वजनाने दिला गेला. कागद इतके चोख होते की लेखापरीक्षकास एक आक्षेप सापडला नसता. संगणक त्या फाटकातून बाहेर पडल्यानंतर कोठे गेले याची एक ओळही त्या कागदांत नव्हती. समितीवर मीही होतो, आणि सही करताना मलाही तो प्रश्न पडला नाही.

त्या ढिगातील स्मृतिचकत्याही तशाच गेल्या. पूर्वी भांड्यावर नाव घालण्याची रीत होती. मोड वितळली की मालकाचे नावही वितळे. संगणकाच्या चकतीवरील नाव असे जात नाही. पुसलेली धारिका बहुधा सूचीतून तेवढी जाते, मजकूर चकतीवर राहतो, आणि तो परत वाचणारी साधने सहज मिळतात. एखाद्या पतसंस्थेने आपल्या ठेवीदारांची खाती, एखाद्या रुग्णालयाने रुग्णांचे अहवाल, अशा रीतीने किलोच्या भावात विकलेले असू शकतात. व्यापाऱ्यास नदीची चिंता नसली तरी गिऱ्हाइकाच्या विश्वासाची असावी.

कायद्याने हा प्रश्न उशिरा पण नेमका ओळखला. भारतातील ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ सालचे. ते १ मे २०१२ पासून लागू झाले. २०१६ साली ते बदलले, आणि २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आहेत. त्यांचा गाभा असा की उपकरण बनविणाऱ्यानेच त्याच्या अंताची जबाबदारी उचलावी. २०२३-२४ व २०२४-२५ या वर्षांसाठी उत्पादकांस ६० टक्के पुनर्चक्रणाचे लक्ष्य होते, पुढील दोन वर्षांस ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. शब्द नवे असले तरी तांबट आळीत हाच करार तोंडी होता. ज्याने घडविले त्याने मोड परत घ्यावी, एवढेच त्याचे मराठी भाषांतर.

परंतु मोड परत घेण्यास ती कोणीतरी परत द्यावी लागते, आणि येथे व्यवसायांचा भाग येतो. वर्षात केव्हाही एक हजार किंवा अधिक उपकरणे वापरणारी संस्था ही नियमांच्या भाषेत मोठी ग्राहक. तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्चक्रणकर्ता यांसच द्यावयाचा. हिंजवडीतील मोठ्या कंपन्या या व्याख्येत सहज बसतील. बारामती-इंदापूरकडे मात्र निराळे चित्र आहे. साखर कारखान्याचे कार्यालय व वजनकाटे, दूध संघाची संकलन केंद्रे, पतसंस्थांच्या शाखा, महाविद्यालये, औद्योगिक वसाहतीतील छोटे कारखाने यांपैकी पुष्कळांकडे शे-दोनशे उपकरणे असतात, हजार नसतात. त्यांच्यावर ती सक्ती येत नाही. जगातही हेच आहे: २०२२ साली जगभर सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. उरलेला भाग नियमांच्या जाळीतून निसटलेल्या अशाच लहानमोठ्या ढिगांचा.

या लहान संस्थांस करण्याजोगे फार अवघड नाही. चालू असलेले यंत्र चकती साफ करून दुरुस्तीकाराकडे किंवा शाळेकडे जावे. न चालणारे नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे. एकेका संस्थेचा ढीग टेम्पोच्या भाड्यास पुरत नसेल तर चार संस्थांनी एकत्र द्यावा. ज्या मुलखात ऊस व दूध सहकाराने गोळा होते तेथे मोड तशी गोळा होऊ नये याचे कारण दिसत नाही. दर कदाचित कमी मिळेल. भंगारवाल्याचा अधिक दर येतो तो धूर व आम्ल सांभाळण्याचा खर्च त्यास करावा लागत नाही म्हणून. तो खर्च नदीच्या खाती पडतो. भंगार गोळा करणाऱ्यांस यातून वगळावे असाही याचा अर्थ नाही. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने आणि तिच्यातून २००८ साली उभ्या राहिलेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने, गोळा करणे व वेगळे करणे हे काम सन्मानाने होऊ शकते हे दाखवून दिले आहे. जाळणे आणि आम्लात बुडविणे या दोनच पायऱ्या त्यांच्या हातून काढून घ्यावयाच्या आहेत.

'ई-कचरा' हा शब्द मला त्यामुळेच खटकतो. कचरा म्हणजे ज्यास मोल नाही ते, झाडून टाकण्याचे. त्या मानाने सरकारी मराठीतला 'विल्हेवाट' शब्द अधिक शहाणा आहे, जरी आज तो टाकून देणे याच अर्थाने झिजला असला तरी. विल्हे लावणे म्हणजे ज्या त्या वस्तूस तिच्या तिच्या जागी लावणे.

गेल्या वर्षी पुन्हा निर्लेखनाचा प्रसंग आला, तेव्हा नोंदवहीत एक रकाना वाढवावा अशी सूचना मी केली : नग कोणास दिला, त्याचा नोंदणी क्रमांक काय, पावती कोणती. 'पुनर्चक्रणकर्ता' हा शब्द रकान्याच्या रुंदीत मावेना. लिपिक इंदापूर तालुक्यातलेच. त्यांच्या घरी पूर्वी भांड्यांचे दुकान होते. त्यांनी काही न विचारता रकान्याच्या माथ्यावर लिहिले, 'मोड कोणी घेतली'.