कॉर्सिकातील चेस्टनटच्या बागा : आळसाचा वृक्ष की श्रमाचा?

चेस्टनट हे फळ महाराष्ट्रात फारसे परिचित नाही. नामसाम्यामुळे पुष्कळदा ‘वॉटर चेस्टनट’शी, म्हणजे आपल्या शिंगाड्याशी, त्याची गल्लत होते. वस्तुतः शिंगाडा ही पाणवनस्पती, तर चेस्टनट हा डोंगरउतारावर वाढणारा विशाल व दीर्घायुषी वृक्ष. साम्य एवढेच की, दोन्ही फळे पिष्टमय असून दोहोंचे पीठ करता येते. भूमध्य समुद्रातील कॉर्सिका बेटाच्या डोंगराळ भागात लोकांनी काही शतके या पिठाच्याच आधारे गुजराण केली. हे अन्न त्यांना निसर्गाने फुकट दिले, की त्यांनी ते श्रमाने मिळविले, हा प्रश्न वरवर पाहता पांडित्यापुरता वाटेल. परंतु अठराव्या शतकात त्याच्या उत्तरावर या बागांचे भवितव्य अवलंबून होते.

बेटावर जेनोआच्या प्रजासत्ताकाची सत्ता असताना 1584 मध्ये एक हुकूम निघाला. प्रत्येक जमीनधारकाने दरवर्षी चार झाडे लावावीत, त्यांत तुती, ऑलिव्ह व अंजीर यांबरोबर चेस्टनटही असावे, असा त्याचा आशय होता. ऑलिव्ह सखल प्रदेशात रुजले. डोंगरात मात्र चेस्टनटनेच मूळ धरले. ईशान्येकडील एका संपूर्ण प्रदेशाला त्यावरून ‘कास्तानिच्चा’ असे नाव पडले. तेव्हा आज ज्याला प्रवासी रान समजतो, ते बव्हंशी माणसाने लावलेले आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

1768 च्या तहान्वये बेट फ्रान्सकडे गेले आणि 1769 मध्ये पाओलीच्या स्वतंत्र राज्याचा पराभव झाला. नव्या राज्यकर्त्यांना हा वृक्ष रुचला नाही. नांगरणी-पेरणीवाचून अन्न देणारे झाड लोकांना आळशी व बंडखोर बनविते, असे त्यांच्यातील अनेकांचे मत होते. 1771 मध्ये, इतर पिकांस योग्य अशा जमिनीत नवे चेस्टनट लावण्यास मनाई करण्यात आली. ही मनाई 1773 मध्ये उठली. पुढे 1780 मध्ये पार्मांतिए याने चेस्टनटवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्याच्या मुखपृष्ठावर प्रकाशनस्थळ म्हणून कॉर्सिकातील बास्तिया या नगराचे नाव आहे.

आळसाचा हा आरोप बागेतील कामाच्या कसोटीवर टिकत नाही. बीपासून वाढलेल्या झाडाचे फळ मूळ झाडासारखे येत नाही, म्हणून कलम बांधावे लागते. भरघोस उत्पन्न मिळण्यास अनेक वर्षे लागतात. लावणाऱ्याच्या श्रमाचे पुरते फळ बहुधा पुढच्या पिढीस मिळते. शरद ऋतूपूर्वी झाडांखालचे गवत व झुडपे साफ करावी लागतात. मग काटेरी कवचातून पडलेली फळे वेचण्यास सारे कुटुंब राबते. घरातील चुलीच्या वर पट्ट्यांची जाळीदार माळवद असे. तीवर फळे पसरून काही आठवडे मंद धुरात वाळवीत. नंतर ती कुटून टरफले काढावयाची, दळावयाची आणि त्या पिठाची ‘पुलेंदा’ नामक घट्ट उकड करावयाची. उरलेल्या फळांवर डुकरे पोसली जात, तर बालान्या प्रांतातील तेलाशी चेस्टनटचा विनिमय होई.

मालकीची पद्धतही याच श्रमाची साक्ष देते. कित्येक ठिकाणी जमीन गावाची, परंतु तीवरील झाड लावणाऱ्याच्या कुटुंबाचे, अशी व्यवस्था होती. कष्टाने वाढविलेल्या झाडावरील हक्क जमिनीवरील हक्काहून निराळा मानला गेला. वारसांमध्ये झाडे वाटली जात.

बागांचा खरा ऱ्हास मनाईने झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फोलेल्लीसारख्या ठिकाणी चेस्टनटच्या लाकडापासून टॅनिन काढण्याचे कारखाने निघाले आणि रोख पैशासाठी वृक्ष विकले जाऊ लागले. त्यातच मुळे कुजविणारा रोग पसरला. स्थलांतराने आणि 1914–18 च्या महायुद्धाने गावांतील तरुण हात नाहीसे झाले. कलम करणारा व रान साफ करणारा माणूस नसला की, बागेचे पुन्हा झुडुपरान होते. 2010 मध्ये पूर्व आशियातून युरोपात आलेल्या, कळ्यांवर गाठी आणणाऱ्या कीटकाचा बेटावर शिरकाव झाला. त्याच्या बंदोबस्तासाठी त्याचाच शत्रू असलेला दुसरा कीटक बागांत सोडावा लागला. दरम्यान कॉर्सिकाच्या चेस्टनट-पिठास 2006 मध्ये फ्रान्सचे व 2010 मध्ये युरोपीय संघाचे उगमस्थानदर्शक संरक्षण मिळाले.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, चेस्टनट हा आळसाचा वृक्ष असता, तर माणसे निघून गेल्यावरही त्याच्या बागा टिकल्या असत्या. त्या टिकल्या नाहीत. राज्यकर्त्यांच्या दप्तरात शेतीची खूण नांगर हीच होती. ज्या श्रमाला नांगर लागत नाही, तो त्या दप्तराला दिसला नाही. अशा दप्तरांवरून इतिहास लिहिणाऱ्याने ही उणीव सतत लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.