माथेरानच्या इंजिनाचं मूळ

नेरळ-माथेरान रेल्वे ही मुंबईच्या पीरभॉय घराण्याची देणगी. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा उभा केला, मुलगा अब्दुल हुसेन यांनी मार्ग बांधून घेतला आणि मार्च १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. ती ओढणारी इंजिनं मात्र जर्मन होती, ओरेनस्टाइन अँड कोपेल या बर्लिनच्या कंपनीची.

घाट मोठा अडचणीचा. रूळमार्ग दोन फुटी, चढ वीस फुटांना एक फूट आणि काही वळणांची त्रिज्या जेमतेम साठ फूट. असा चढ चढायचा तर इंजिनाचा सगळा भार ओढणाऱ्या चाकांवर हवा, नाहीतर चाकं जागीच घसरतात. म्हणून वेगळा टेंडर नाही, पाणी-कोळसा इंजिनाच्याच अंगावर आणि सहाही चाकं दांड्यांनी जोडलेली. पण तीन आस एका ताठ चौकटीत जखडले, की वळणावर चाकं रुळाला घासणार, प्रसंगी रूळही सोडणार. चढाला हवं ते वळणाला नको.

यावरची तोड सॅक्सनीत आधीच निघाली होती. तिथल्या सरकारी रेल्वेतल्या क्लीन आणि लिंडनर यांनी दुहेरी आस रचला. आतला भरीव आस चौकटीत पक्का. दांडे फिरवतात तो हाच. चाकं बसवलेली असतात त्याच्याभोवतीच्या पोकळ आसावर. दोन्ही मधोमध गोल सांध्यानं जोडलेले. त्यामुळे पोकळ आस आतल्याबरोबर फिरतो, पण मनगटातल्या सैल बांगडीसारखा थोडा तिरकाही होतो, बाजूलाही सरकतो. माथेरानच्या इंजिनांत पुढचा आणि मागचा आस या जातीचा, मधला साधा. दांडे सरळ रेषेत चालत राहतात, चाकं वळण घेतात.

हीच युक्ती पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या आठ जोडचाकी इंजिनांत होती. आघाडीकडे दारूगोळा नेणाऱ्या तात्पुरत्या रुळांवर ती धावली.

माथेरानला १९५०च्या दशकात डिझेल आलं आणि १९८०च्या दशकात वाफेची नियमित फेरी संपली. पुढे हौशी प्रवाशांसाठी आणलेलं ७९४ क्रमांकाचं इंजिन दार्जिलिंगचं, वेगळ्याच कुळातलं. घाटासाठी घडवलेल्या मूळ इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. तिथे गेलात तर धुरांड्यापाशी फोटो काढून निघू नका. खाली वाकून चाकांच्या मधला भाग पाहा. खरी करामत तिथे आहे.